पाकीट मारले, अर्जात 'गहाळ' लिहू की 'चोरी'?

कोरेगाव तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरी साताऱ्याच्या एमआयडीसीत. शनिवारी संध्याकाळी पुसेगावकडच्या एसटीत चढताना मागच्या खिशातले पाकीट गेले. आत आधार, पॅन, लायसन, मतदान कार्ड, कंपनीचे ओळखपत्र, एटीएम कार्ड आणि १,२०० रुपये. मोबाइल हातात होता म्हणून वाचला. पोलीस ठाण्यात गेला तर 'गहाळ झाले असे लिहून द्या, पाच मिनिटांत दाखला मिळेल' असे सांगितले. तसे लिहून द्यावे का, आणि कार्डे परत काढायला सुरुवात कुठून करावी?

तसे लिहून देऊ नका. का ते सांगते.

मी साताऱ्यात महा-ई-सेवा केंद्र चालवते. माझे वडील त्याआधी तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून बसायचे, अर्जनवीस म्हणून. अर्ज लिहून घ्यायला आलेल्या माणसाकडून ते सगळी हकिकत दोनदा वदवून घेत. दुसऱ्या खेपेला सहाचे साडेसात झाले की कागद मशीनमधून काढून बाजूला ठेवत आणि म्हणत, "आधी घरी जाऊन नीट आठवा, मग या." लहानपणी मला तो चक्रमपणा वाटायचा. पुढे माझ्याच टेबलासमोर लोक कर्जवसुलीच्या नोटिसा घेऊन बसायला लागले, सोबत स्वतःचाच दोन वर्षांपूर्वीचा 'गहाळ' दाखला, तेव्हा वडिलांचा हट्ट कळला.

कार्ड परत मिळणे हे यातले सोपे काम आहे. आधारचा नंबर तोच राहतो, पॅन तोच, लायसनचा नंबरही तोच. तुमच्या हातात येते ती त्याच नंबराची दुसरी प्रत. म्हणजे पाकीटमाराकडे गेलेली पहिली प्रत काही बाद होत नाही. एटीएम कार्ड एका फोनवर बंद पडते, तसे पॅन कार्ड बंद पडत नाही. उद्या त्या पॅनची झेरॉक्स लावून कुणी मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून कर्ज उचलले, तर तुम्हाला दाखवावे लागते की अमुक तारखेला ते कार्ड माझ्याकडून चोरीला गेले होते आणि मी त्याच दिवशी तसे सांगितले होते. तो तारखेचा कागद मिळवणे हे खरे काम. बाकी सगळे फॉर्म भरणे आहे.

आता 'गहाळ' आणि 'चोरी'. गहाळ लिहिले की ठाण्यात त्याची नोंद होते, शिक्का मिळतो, विषय संपतो. पुढे कुणी काही शोधत नाही आणि शोधायची अपेक्षाही नसते. तुमच्या सहीने तुम्हीच म्हटलेले असते की वस्तू माझ्या हातून हरवली. समोरचा वकील नंतर याच वाक्यावर बोट ठेवतो. चोरी लिहिली की तो गुन्हा होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, तिच्यात चोरीचे कलम ३०३. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ३७९च असते, ते सोडून द्या.

पण इथे एक बारकी गोष्ट आहे आणि तीच ठाण्यातल्या बहुतेक वादांच्या मुळाशी असते. नव्या कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीची गणना अदखलपात्र गुन्ह्यात केली आहे. तुमचे १,२०० रुपये आणि पाकीट मिळून तेवढे होत नाही. त्यामुळे ठाणे अंमलदार "एफआयआर होणार नाही, एनसी घेतो" म्हणाले, तर ते तुम्हाला टाळत नाहीत, नियमानेच बोलत आहेत. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. ती घ्या. तिचा नंबर, तारीख आणि प्रत मिळाली की तुमचे काम झाले. डुप्लिकेट कार्डांसाठीही ती चालते आणि पुढे कधी प्रसंग आलाच तर पुरावा म्हणूनही. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, त्यामुळे पाकीट शोधून आणून देतील ही आशा मात्र ठेवू नका. पाकिटाबरोबर मोबाइल गेला असता किंवा कुणी हिसका मारून पळाला असता, तर गोष्ट वेगळी होती. तिथे दखलपात्र गुन्हाच नोंदवायला हवा, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळणे हा हक्क आहे. झेरॉक्सचे पैसेसुद्धा द्यायचे नाहीत.

एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुणाचीही असो. याला झिरो एफआयआर म्हणतात आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती आता लिहूनच ठेवली आहे. वाईजवळच्या मांढरदेवच्या यात्रेत ऐवज गेला आणि माणूस पलूसला घरी पोहोचला, तर त्याने परत वाई गाठायची गरज नाही. तरी माझा सल्ला असा, की शक्य असेल तर जिथे चोरी झाली तिथल्याच ठाण्यात जा. यात्रेत आणि स्टँडवर कॅमेरे असतात, आणि त्यांचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे चढते. अर्जात 'संध्याकाळी' एवढेच लिहिले तर कोण कशाला चार तासांचे चित्रण बघत बसेल? फलाट कुठला, गाडी कुठली, तिकिटावर वेळ किती छापली आहे, हे लिहा. तिकीट बहुतेक खिशात चुरगळून पडलेले असते, ते टाकून देऊ नका. कंडक्टरच्या मशीनमधून आलेल्या त्या चिटोऱ्यावर तारीख आणि वेळ दोन्ही असतात.

राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूंची ऑनलाइन नोंद करता येते. मोबाइलवर पाच मिनिटांत होते, म्हणून पोरे तीच करून मोकळी होतात. ती हरवलेल्या वस्तूंसाठी आहे, चोरीसाठी नाही. आणि हो, उलटही खरे. पाकीट कुठे पडले हे तुम्हाला खरोखरच ठाऊक नसेल, रसवंतीगृहाच्या टेबलावर विसरले असेल असे मनात येत असेल, तर गहाळच लिहा. खोटी फिर्याद देणे हाही गुन्हाच आहे.

तुमच्या बाबतीत मी अर्ज असा लिहिला असता. 'मी, खाली सही करणार, अमुक, वय इतके, राहणार अमुक, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. दिनांक अमुक रोजी सायंकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांच्या सुमारास सातारा बसस्थानकात पुसेगावकडे जाणाऱ्या एसटीमध्ये गर्दीतून चढत असताना माझ्या पँटच्या मागील उजव्या खिशातील तपकिरी रंगाचे पाकीट कोणीतरी अज्ञात इसमाने माझ्या संमतीशिवाय काढून घेतले. गाडीत चढण्यापूर्वी कँटीनमध्ये पैसे देताना पाकीट माझ्याजवळ होते. गाडीत तिकीट काढताना ते नसल्याचे लक्षात आले. पाकिटात पुढील कागदपत्रे होती.' मग एकेक कार्ड आणि त्याचा नंबर. शेवटी: 'सदर कागदपत्रांचा गैरवापर होण्याची शक्यता असल्याने ही तक्रार देत आहे. आजच्या तारखेनंतर सदर कागदपत्रे वापरून झालेल्या कोणत्याही व्यवहाराशी माझा संबंध नाही.'

'पैसे देताना पाकीट होते' आणि 'तिकीट काढताना नव्हते' ही दोन वाक्ये अजिबात गाळू नका. चोरी या दोन टोकांमध्ये झाली हे त्यांवरून ठरते. कुणाचा हात खिशात शिरताना तुम्ही पाहिला नाही, हे मान्यच आहे. पाकीटमार दिसला तर तो पाकीटमार कसला!

आधारचा नंबर अर्जात पूर्ण लिहायची गरज नाही, शेवटचे चार अंक पुरतात. हा अर्ज पुढे चार ठिकाणी फिरणार आहे. आपणच बारा अंक वाटत सुटण्यात अर्थ नाही. पॅन, लायसन आणि मतदान कार्डाचे नंबर पूर्ण लिहा. एटीएम कार्डाचेही शेवटचे चारच.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक त्यांना, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही. समजा एनसीसुद्धा घेत नाहीत, 'साहेब बाहेर आहेत, उद्या या' असे चालले आहे. मग भांडू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टाने ठाण्याला आणि एक प्रत जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. दखलपात्र गुन्हा नोंदवून घेतला नाही तर अधीक्षकांना लेखी कळवायची तरतूद त्याच कलम १७३ मध्ये आहे. पोस्टाची पावती आणि पोहोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद, दोन्ही जपा. एका गृहस्थांचे तीन वर्षांनी फक्त त्या पावतीवर भागले, कारण तारीख तिच्यावर होती.

हे सगळे झाले पोलिसांचे. पण त्याआधीच, म्हणजे एसटीत तिकीट काढताना लक्षात आले त्या क्षणी, एटीएम कार्ड बंद करायला हवे होते. तुम्ही केलेच असेल असे धरते. नसेल तर हे वाचणे थांबवा आणि आधी ते करा. बँकेचा नंबर पासबुकावर असतो किंवा बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून पहिला दिसेल तो नंबर लावू नका. तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात आणि घाबरलेला माणूस त्यांना आयताच सापडतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तिसऱ्याच कुणाच्या लबाडीने पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. मात्र पिन लिहिलेली चिठ्ठी त्याच पाकिटात ठेवली असेल तर ही मेहेरबानी संपली. हसू नका. दर महिन्याला एक तरी असा येतो, आणि दर वेळी तो म्हणतो, "ताई, चिठ्ठी घडी घालून ठेवली होती ओ."

आता कार्डांकडे येऊ. आधारपासून सुरुवात करा, कारण बाकीची कार्डे त्याच्या आधाराने निघतात.

तुमचा मोबाइल तुमच्याजवळ आहे आणि तोच नंबर आधारला जोडलेला असेल, तर तुम्ही नशीबवान. 'माय आधार' पोर्टलवर ओटीपीने शिरा, ई-आधार उतरवून घ्या. फाइल उघडायला पासवर्ड लागतो: नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि पुढे जन्मवर्ष. नंबर पाठ नसेल तर तिथेच हरवलेला नंबर शोधायची सोय आहे, किंवा आधारच्या हेल्पलाइनला, १९४७ वर, फोन करा. मोबाइल जोडलेला नसेल तर आधार केंद्रात जाऊन अंगठा देऊन प्रत काढता येते, तिची थोडी फी पडते. प्लास्टिकचे कार्ड हवे असेल तर तेही पोर्टलवरून मागवा, स्पीड पोस्टाने घरी येते. २०२० मध्ये ते ५० रुपयांना सुरू झाले, आता जी फी पोर्टलवर दिसेल ती भरा. ते मागवताना आधारला न जोडलेल्या मोबाइलवरही ओटीपी घेता येतो, हे फार जणांना ठाऊक नसते. गल्लीतल्या दुकानातून छापून घेतलेले चकचकीत कार्ड मात्र मागू नका. आधार प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्येच तसली कार्डे मान्य नसल्याचे जाहीर केले आहे. त्याआधी मीही शेकड्यांनी छापून दिली आहेत, खोटे कशाला बोलू. साधे कागदावरचे ई-आधार तितकेच वैध आहे. तुमच्या घरी ज्येष्ठ कुणी असेल आणि त्यांचेच कार्ड गेले असेल तर एसटीच्या सवलतीचे काय, ही चिंता असते. मोबाइलमधल्या सरकारी अ‍ॅपमधले आधार दाखवून सवलत मिळत आली आहे, आता काय लागते ते आगारात विचारून घ्या.

आधारला दोन कुलपे घालता येतात. एक ठशांना, म्हणजे अंगठा आणि बुबुळांना. हे घातले की तुमच्या ठशाने कुठे पैसे काढता येत नाहीत. दुसरे प्रत्यक्ष नंबरालाच. ते घातल्यावर बारा अंकी नंबर चालेनासा होतो आणि त्याऐवजी सोळा अंकी आभासी क्रमांक वापरावा लागतो. दुसरे कुलूप घालण्याआधी तो सोळा अंकी क्रमांक काढून ठेवा, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल.

ठशांचे कुलूप मी प्रत्येकाला सुचवते, पण एक इशारा देऊन. जावळीतल्या एका आजींचे कार्ड गेले, नातवाने पुण्यातून मोबाइलवर कुलूप घातले आणि आजींना सांगायचे विसरला. रेशन दुकानात अंगठा लागेना. दुकानदार म्हणाला ठसे झिजले असतील. आजींनी दोन महिने हाताला खोबरेल तेल चोळले. तिसऱ्या महिन्यात त्या माझ्याकडे आल्या तेव्हा खरे काय ते कळले. नातू मोठा हुशार, कुलूप घालून किल्ली घेऊन पुण्याला गेलेला! ज्यांचे रेशन, निराधारचे पैसे, पेन्शनचा हयातीचा दाखला अंगठ्यावर चालतो, त्यांच्या बाबतीत कुलूप कधी घातले आणि कधी काढायचे हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

त्याच पोर्टलवर तुमचा आधार गेल्या सहा महिन्यांत कुठे कुठे तपासला गेला याची यादी दिसते. चोरीच्या दिवशी ती एकदा उतरवून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा पाहा. तुम्ही घरात झोपलेले असताना भलत्याच वेळी ओटीपीची नोंद दिसली तर तिथून धागा सापडतो.

पॅनच्या बाबतीत लोक सगळ्यात मोठी चूक करतात. कार्ड गेले म्हणून नव्या पॅनचा अर्ज भरतात. एका माणसाकडे दोन पॅन असणे हा दंडाचा विषय आहे, १०,००० रुपये. तुम्हाला हवे आहे ते पुनर्मुद्रण. तुमचे पॅन प्रोटीनकडून, म्हणजे पूर्वीच्या एनएसडीएलकडून, निघाले असेल तर तिथे, यूटीआयकडून निघाले असेल तर तिकडे. खर्च ५० रुपये. कार्ड आयकर खात्याच्या नोंदीत जो पत्ता असेल तिथेच जाते. तुम्ही पॅन कॉलेजात असताना मामाच्या पत्त्यावर काढले असेल, तर ते मामाच्या गावी पोहोचेल आणि पोस्टमन परत पाठवेल. पत्ता बदलायचा असेल तर पुनर्मुद्रण नाही, दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. तोवर ई-पॅनची पीडीएफ सगळीकडे चालते.

लायसनसाठी आरटीओच्या दारात जायची आता फारशी गरज नाही. 'सारथी' संकेतस्थळावर महाराष्ट्र निवडून डुप्लिकेट लायसनचा अर्ज करायचा, पोलीस नोंदीची प्रत जोडायची. लायसनच्या नंबरात ते कुठून आणि कोणत्या वर्षी निघाले ते दडलेले असते: एमएच-११ म्हणजे सातारा, एमएच-१० सांगली, एमएच-५० कराड. कराडचे कार्यालय व्हायच्या आधी कराड-पाटणच्या लोकांनी साताऱ्यातून काढलेली लायसने अजून एमएच-११ चीच आहेत. पन्नाशीच्या पुढची मंडळी पुस्तकासारखे हाताने लिहिलेले लायसन बाळगतात. ते सारथीवर दिसतच नाही, कारण संगणकात चढवलेले नसते. त्यांना मूळ कार्यालयात जाऊन आधी ती जुनी नोंद चढवून घ्यावी लागते, 'बॅकलॉग' म्हणतात तिला. कार्ड हातात येईपर्यंत गाडी चालवायची असेल तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपमधले लायसन वाहतूक पोलिसाला दाखवा. २०१८ पासून ते मूळ कागदाइतकेच मान्य आहे. गॅलरीतला फोटो किंवा स्क्रीनशॉट मात्र नाही. तिथे पावती फाडली गेली तर वाद घालू नका. पाकिटात गाडीचे आरसी कार्डही असेल तर त्याचा अर्ज वेगळा, नमुना २६. गाडीवर कर्ज असेल तर त्यावर फायनान्सवाल्यांची सही-शिक्काही लागतो.

मतदान कार्ड सगळ्यात शांतपणे काढा. फॉर्म ८ भरायचा, ऑनलाइन किंवा आपल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे. मोबाइल नोंदलेला असेल तर ई-एपिक, म्हणजे मतदान कार्डाची पीडीएफ, उतरवून घेता येते. ही सोय २५ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. चौकशीसाठी १९५०. निवडणूक तोंडावर आली म्हणून घाबरू नका. मत कार्डावर नाही, यादीतल्या नावावर पडते, आणि ओळख पटवायला आयोगाने मान्य केलेली इतर ओळखपत्रे चालतात. नाव यादीत आहे ना, ते मात्र पाहून घ्या.

कंपनीच्या ओळखपत्राकडे सगळे दुर्लक्ष करतात. त्याच कार्डाने गेट उघडत असेल तर आज रात्रीच सुरक्षा विभागाला कळवा आणि सोमवारी एचआरला लेखी द्या, एनसीची प्रत जोडून. तुमचे कार्ड गळ्यात घालून दुसराच कुणी आत गेला तर चौकशीत पहिले नाव तुमचे येईल.

आता ज्यांचा मोबाइलही गेला त्यांच्यासाठी, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. तिथे क्रम उलटा होतो. आधी सिम बंद करा, मग बँक, मग ठाणे. दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकून हँडसेटच बंद करता येतो. त्यासाठी पोलिसांची नोंद लागते. आयएमईआय मोबाइलच्या खोक्यावर आणि बिलावर असतो. त्याच नंबराचे नवे सिम घेतले की पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, मुद्दाम बंद ठेवतात. म्हणजे ओटीपी येणार नाही, आणि माणसे माझ्याकडे बसून "सर्व्हर डाउन आहे का?" विचारत राहतात. सर्व्हर ठीक असतो. उद्या या.

प्रतिज्ञापत्राबद्दल एक. कार्ड चोरीला गेले की कचेरीबाहेर कुणीतरी सांगतो, ५०० चा स्टॅम्प घ्या, नोटरी करा. पूर्वी १०० चा होता, २०२४ मध्ये ५०० चा झाला, तेव्हापासून हा धंदा तेजीत आहे. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, आणि वर सांगितलेल्या कार्डांपैकी बहुतेकांना प्रतिज्ञापत्र लागतच नाही. ज्या कार्यालयाने मागितले असेल त्यांच्याकडून आधी लेखी घ्या, की कशासाठी आणि कोणत्या नियमाने. नव्वद टक्के वेळा तिथेच मागणी मावळते. हा आकडा माझ्या अंदाजाचा बरं का, कुठल्या अहवालातला नाही.

पासपोर्ट तुमच्या पाकिटात नव्हता, पण कुणाचा गेलाच तर एवढे लक्षात ठेवा. तिथे डुप्लिकेट मिळत नाही, नवा निघतो, नंबरही नवा. जुना रद्द होतो. नंतर तो सापडला म्हणून त्यावर प्रवासाला निघालात तर विमानतळावर अडकाल.

दोन महिन्यांनी काय करायचे ते कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. संचार साथीवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसते. एका माणसाला देशात नऊपर्यंत घेता येतात, त्यामुळे दोन-चार अनोळखी नंबर निघाले तर तिथल्या तिथे 'हा माझा नाही' म्हणून कळवा. मग कर्जाचा अहवाल काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हायमार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तो मोफत द्यावाच लागतो. चारही एकदम काढू नका. दोन महिन्यांनी एक, मग चार महिन्यांनी दुसरा, असे वर्षभर पुरवा. आयकर पोर्टलवर वार्षिक माहिती विवरणपत्र बघा, तुमच्या पॅनवर भलतेच मोठे व्यवहार दिसतात का ते तिथे कळते. न घेतलेले कर्ज निघालेच तर कर्ज देणाऱ्याला आणि त्या अहवाल कंपनीला एनसीची प्रत लावून लेखी कळवा. ३० दिवसांत तक्रार निकाली काढली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पत्रात त्याचा उल्लेख केला की उत्तर लवकर येते. खात्यातून पैसेच गेले असतील तर पत्रापेक्षा आधी १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन, तोही पहिल्या तासात.

आणि पाकीट सापडले तर? पाकीटमाराला कार्डे नको असतात. रोकड काढून तो पाकीट स्टँडच्या मागे, गटारात, कुणाच्या तरी वळचणीला फेकतो. कधी कुणी भला माणूस ते उचलून पोस्टाच्या पेटीत टाकतो किंवा ठाण्यात आणून देतो. सापडले म्हणून गुपचूप खिशात घालू नका. ठाण्यात लेखी कळवा, कोणत्या तारखेला, कुठे, काय काय परत मिळाले आणि काय नाही. मधले दिवस कार्डे कुणाच्या हातात होती हे तुम्हाला सांगता येणार नाही, म्हणून दोन महिन्यांनंतरची तपासणी तरीही करा. नवे लायसन मिळाले असेल तर जुने कार्यालयात जमा करा, मतदान कार्डही परत द्या. आधार आणि पॅनच्या दोन प्रतींपैकी एक घरातल्या कपाटात ठेवा, आणि पुसेगावच्या गाडीत चढताना दुसरीही घरीच असू द्या. डिजिलॉकर मोबाइलमध्ये आहेच की.